पाच शून्यांचं पुस्तक

चर्चच्या मागच्या खोलीत तीन कपाटं आहेत, एक टेबल, एक खिडकी आणि मी. पोरं मला तोंडावर मावशी म्हणतात आणि पाठीमागे गाळणी. हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा, खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं होतं. गाळणी म्हणजे कामाची वस्तू. प्रत्येक घरात एक लागतेच.

काम असं. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी ज्या ख्रिस्ती कादंबऱ्या येतात, त्या आधी मी वाचायच्या आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर पाच रकाने. रक्त आणि मारामारी, चुंबन आणि मिठी, शिव्या, दारू-सिगारेट, भुतंखेतं. प्रत्येक रकान्यात किती वेळा आणि कुठल्या पानावर, ते लिहायचं. आकडे पाहून आईबापांनी ठरवायचं, पुस्तक घरात न्यायचं की नाही. पाचही रकान्यांत शून्य आलं की खाली चंदेरी तारा.

रकाने पाळकबाईंनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नीनं आखले, मोजणं माझ्याकडे आलं. सत्तावीस वर्षं मी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजल्या होत्या. काचेवर बारीक चौकोन आखलेला असतो. चौकोनात जेवढ्या दिसतील तेवढ्या मोजायच्या, बाहेरच्या आपल्या नाहीत. हात बसलेला, डोळा बसलेला. निवृत्तीनंतर पेशींच्या जागी पापं आली, एवढंच.

पोरं मात्र माझ्या वरताण. त्यांनी माझ्या चिठ्ठीचा नकाशा केला. ‘चुंबन: एक, पान अठ्ठ्याऐंशी’ असं मी लिहिलं, की महिन्याभरात ते पुस्तक टेबलावर ठेवताच आपलं आपण अठ्ठ्याऐंशीवर उघडायचं, कडा बोटांनी काळ्या झालेल्या. पाळकबाई म्हणाल्या, पानं लिहू नका. मी म्हटलं, पान नाही तर पुरावा नाही. माझी भाची एकदा पोट धरून हसत सांगत आली, की मावशी, काही दम नाही गं अठ्ठ्याऐंशीत, नुसतं गालावर आहे. तिला दटावलं आणि कपाटाकडे तोंड करून मीही हसून घेतलं.

ही भाची म्हणजे माझ्या ताईची लेक. चौदा वर्षांची, अंगानं किडकिडीत, पायाला भिंगरी. घरात सगळे तिला मुंगी म्हणतात. मला मूलबाळ नाही. ही मुंगी माझ्या अंगाखांद्यावर चढूनच मोठी झाली.

ते पुस्तक निळ्या मुखपृष्ठाचं होतं. वर खिडकीत ठेवलेला कंदील. माझ्या हातात आलं तेव्हा टेबलावर आणखी पाच पुस्तकं ताटकळत होती. गोष्ट साधी होती. एका मुलीचे वडील आजारी, डॉक्टरांनी हात टेकलेले. रक्त नाही, शिवी नाही, भाषा धुतल्या तांदळासारखी. पानं उलटत गेले तशी मी खुलत गेले. शून्याच्या वाटेला लागलं की मोजणाऱ्याचं पाऊल हलकं होतं.

एकशे त्रेचाळिसाव्या पानावर गोष्टीतली म्हातारी त्या मुलीला सांगते, की शेजारणीचं बाळ गेलं कारण शेजारणीच्या विश्वासाला चीर होती. मरण चिरेतून आत येतं, पोरी. विश्वास पुरा असला, तर ते उंबऱ्यावरूनच मागे फिरतं. मग ती मुलगी मनातली शेवटची शंका उपटून फेकते, आणि बाप उठून बसतो. शेवट गोड.

त्या पानावर माझी पेन्सिल थांबली होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून आधी तेच सांगते. काहीतरी खुपलं. माझी आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आई कपडे वाळत घालताना दोन ओळी गुणगुणायची, त्या हे पान वाचताना ओठांपर्यंत आल्या, आणि मी त्यांना परत पाठवलं. उठले, पाणी प्यायले, चिठ्ठीकडे पाहिलं. रक्तात बसेना, शिव्यांत बसेना, भुताखेतांत तर नाहीच नाही. चौकोनाबाहेरचं. मी पान उलटलं. पाच शून्यं लिहिली. तारा जरा वाकडा बसला, तर नखानं उचलून पुन्हा सरळ लावला. ताऱ्यासाठी मला वेळ होता.

तीन महिन्यांनी भावजी पडले. भावजी म्हणजे ताईचे यजमान, मुंगीचे बाबा. बस चालवतात. डेपोत गाडी लावून उतरताना पायरीवरच छाती धरून बसले. हृदयाची झडप खराब निघाली, ऑपरेशन ठरलं. मुंगी माझ्याकडे आली. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाली, दवाखान्यात बाकावर बसून राहायचंय, जाडसं काहीतरी दे. पुस्तक तिनं निवडलं नाही. मी निवडलं. वरच्या फळीवरून काढून, फुंकर मारून, तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, “हे डोळे झाकून ने.”

भावजी वाचले. सहा तास आत होते, सातव्या तासाला डॉक्टर मास्क खाली ओढत बाहेर आले आणि ताई त्यांच्या पायाशी वाकायला गेली, तर ते बिचारे चार पावलं मागे सरले. दहा दिवसांनी भावजी घरी आले. खोलीत फुलं, टेबलावर फळं, माणसांची ये-जा. सगळ्यांच्या जिवात जीव आला. एक मुंगी सोडून.

मला वाटलं, दगदग झाली आहे, येईल ताळ्यावर. आली नाही. भिंगरी थांबली. जेवताना घास हातात धरून बसायची. कुणी विनोद केला तर आधी हसू यायचं आणि मग चोरी पकडल्यासारखं ते ती पुसून टाकायची. आणि भावजी खोकले की हातातलं असेल ते खाली ठेवून दोन्ही हात घट्ट जोडायची, डोळे मिटायची, ओठ हलायचे. खोकला थांबेपर्यंत.

भावजींचा स्वभाव थट्टेखोर. छातीवर टाके असतानाही म्हणायचे, “अहो, ही माझी कंडक्टर झालीय. घंटी दिल्याशिवाय मला खोकूही देत नाही.” सगळे हसायचे. मीही हसले. हसण्यात माझीही भर होती, हे विसरून चालणार नाही.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षी होतात. ज्याच्यावर देवाची कृपा झाली, त्यानं पुढे येऊन सगळ्यांना चार शब्द सांगायचे. पाळकसाहेबांनी मुंगीला विचारलं आणि ती लगेच तयार झाली. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, लिहिलेला कागद घेऊन ती माझ्या खोलीत आली. मी नव्या पुस्तकांना नंबर घालत होते. म्हटलं, वाच.

वाचू लागली. बाबा कसे पडले, दवाखाना कसा होता. अक्षर जसं नीटनेटकं, तसं वाचणंही. मग म्हणाली, माझ्या मनात तीन शंका होत्या, त्या मी एकेक करून काढून टाकल्या, कारण मरण चिरेतून आत येतं, आणि विश्वास पुरा असला तर ते उंबऱ्यावरूनच मागे फिरतं.

माझ्या हातातलं पेन थांबलं.

हे कुठलं वाक्य, मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

“पान एकशे त्रेचाळीस,” ती म्हणाली. माझ्याच शिस्तीत. माझ्याच सुरात.

मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, उद्या समोर झिपरी बसलेली असेल. झिपरी म्हणजे तिची शाळेतल्या बाकावरची मैत्रीण, आमच्या ऑर्गनवाल्यांची मुलगी, जिच्या केसांनी कधी कंगव्याला जुमानलं नाही. चार महिन्यांपूर्वी त्याच दवाखान्यात, त्याच मजल्यावर तिची आई गेली होती. फुप्फुसांत पाणी झालं होतं. मी म्हटलं, तिनं हे ऐकलं तर तिला काय वाटेल, विचार केलास का?

“केला ना,” मुंगी म्हणाली. “म्हणून तर तिला पुस्तक मागच्याच आठवड्यात दिलं. पानाचा नंबरही सांगितला. आईच्या वेळी तिचं कुठे चुकलं ते तिला कळायला नको? अजून तिचे बाबा आहेत ना, मावशी.”

तिच्या डोळ्यांत दुष्टपणाचा कणही नव्हता. मैत्रिणीचा बाप वाचावा म्हणून तिनं आपल्याकडचं औषध अर्धं काढून दिलं होतं. बाटलीवर चिठ्ठी माझी होती.

मी म्हटलं, ते पुस्तक चूक आहे, मुंगे.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी खेळात फसवल्यावर पाहायची. “पण पाच शून्यं आहेत. तुझ्या हातची. तारा पण आहे.”

मी खोलीला कुलूप लावलं आणि ऑर्गनवाल्यांच्या घरी गेले. जाताना मनाला समजावत होते, की मुलं काय, आज वाचतात आणि उद्या विसरतात. दोन जिने चढून दाराशी पोचले तर चपलांच्या रांगेत झिपरीच्या आईच्या चपला अजून होत्या, पुसून ठेवलेल्या. ऑर्गनवाले बाहेर गेले होते. झिपरीनं दार उघडलं, मला पाहिलं आणि केस कानामागे सारले. ते लगेच परत पुढे आले.

पुस्तक तिच्या टेबलावर होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मी म्हटलं, हे मी परत न्यायला आले आहे. ती म्हणाली, न्या, माझं झालंय वाचून. मग जरा थांबून तिनं वहीतून एक कागद काढला. पट्टीनं रेघा मारून त्यावर पाच रकाने आखले होते. प्रत्येक रकान्यावर मथळा, खाली आकडा, आकड्यापुढे तारखा.

प्रार्थना करताना झोपले: तीन.
आई बरी होणार नाही असं मनात आलं: सात.
दवाखान्यात जायचा कंटाळा केला: दोन.
देवाचा राग आला: एक.
आई आजारी असताना मैत्रिणींबरोबर हसले: अकरा.

“तुम्ही मोजता ना, मावशी,” ती म्हणाली. “एवढा तपासून द्याल? कुठल्या रकान्यानं झालं ते मला कळत नाहीये.”

आयुष्यात मी किती कागद तपासले असतील. कुणाच्या रक्तात काय वाढलं, काय घटलं, आकडा लिहून खाली सही केली आणि पुढचा कागद ओढला. त्या कागदाला हात लावायचं मात्र मला धाडस होईना. रेघा इतक्या सरळ होत्या. अकरा तारखा होत्या अकरा हसण्यांच्या.

मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. पेन्सिल थांबली होती ते. खुपलं होतं ते. उठून पाणी प्यायले ते. चिठ्ठीत त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून पान उलटलं ते. तारा सरळ केला तेही सांगितलं.

ती ऐकत होती. रडली नाही, चिडली नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, “मग रकाना आखायचा होता ना, मावशी. एक रेघ तर मारायची होती.”

खिडकीबाहेर कुणाचे तरी कपडे दोरीवर हलत होते. ते पाहता पाहता माझ्या तोंडून, काही न ठरवता, आईच्या ओळी निघाल्या. त्या परत पाठवल्यापासून बहुधा तिथेच कुठेतरी उभ्या असाव्यात.

*रडू दे लेकीला, देव नाही वाणी,*
*तोलून घेईना, डोळ्यांतलं पाणी.*

माझा आवाज काही गाण्याचा नाही. झिपरी ऑर्गनवाल्यांची मुलगी, तिनं बेसूर ऐकून नाक जरासं मुरडलं. कुणी लिहिलंय, तिनं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, माझी आई म्हणायची.

“याला किती शून्यं?” ती म्हणाली.

आणि ओठाचा एक कोपरा हलला. ते हसू होतं की नाही, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी कागद मागितला. तिनं दिला नाही. घडी घालून वहीत ठेवला आणि वही मांडीवर घेऊन बसली. पुस्तक तेवढं मी काखेत मारून निघाले.

संध्याकाळी ताईकडे गेले. मुंगी मागच्या पायऱ्यांवर बसली होती. तिच्याशेजारी बसून तेच सगळं पुन्हा सांगितलं, झिपरीच्या कागदासकट. पहिल्यांदा ती मला खोटं पाडत राहिली. मग अकरा हसण्यांचं सांगितलं, तशी ती पायरीवरची माती नखानं खरवडू लागली.

“मग बाबांना कुणी वाचवलं?”

मी म्हटलं, डॉक्टरांचे हात होते. देवाचाही असेल, माझा तसा विश्वास आहे. पण तुझ्या हिशेबानं नव्हे.

“आणि मी थांबले आणि त्यांना काही झालं तर?” ती म्हणाली. आवाज आता चौदा वर्षांचा नव्हता, चारचा होता. “मग काय करशील, मावशी? अजून एक पुस्तक देशील?”

आतून भावजींचा खोकला ऐकू आला. तिचे हात जुळले. मी ते धरायला गेले आणि थांबले. जोडलेले हात मी कसे सोडवू? आणि कुठल्या तोंडानं? ते मीच तर बांधले होते.

रविवारी चर्च भरलेलं होतं. ऑर्गन वाजला, गीत झालं. पाळकसाहेबांनी साक्षींसाठी नाव घ्यायच्या आधीच मी उठले. माझे गुडघे चांगलेच दुखतात, पुढे जाईपर्यंत सगळ्यांचं लक्ष गेलं. पोरं मागच्या बाकांवरून कुजबुजली. गाळणी निघाली.

मी फार बोलले नाही. निळं पुस्तक वर धरलं. सांगितलं, की हे मी वाचलं, यात आपल्या पोरांना असं शिकवलंय की त्यांची माणसं त्यांच्या मनात आलेल्या शंकेनं मरतात, आणि हे वाचून मी शून्य लिहिलं. गाळणी चोथा अडवते. पाण्यात विरघळलेलं तिच्यातून सरळ खाली जातं. मला ते जिभेवर कळलं होतं आणि तरी मी कप पुढे केला. एवढंच माझं सांगणं. नेहमी साक्ष झाली की सगळे ‘आमेन’ म्हणतात. या वेळी कुणाला म्हणावं की नाही तेच कळेना. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सवयीनं म्हटलं आणि ते एकटे पडले.

पाळकबाईंनी मला मागाहून बाजूला घेतलं. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, सहावा रकाना वाढवू. मथळा काय देऊ ते तुम्हीच सांगा. दोन महिने झाले, मला मथळा सुचलेला नाही. त्या पुस्तकाची चिठ्ठी मी ओल्या फडक्यानं काढायला गेले, तर चिकटवणारी मीच, डिंकाचा कधी कंजूषपणा केला नाही, अर्धी तिथेच राहिली. पाचातली दोन शून्यं अजून वाचता येतात. झिपरीच्या कागदाचं काय झालं, मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क कुठून आणू?

पण त्या रविवारचं एक राहिलं. पाळकसाहेबांनी मुंगीचं नाव घेतलं तेव्हा ती उठली नाही. कागद मांडीवर होता, त्याची ती बारीक बारीक घडी घालत राहिली. नाव पुन्हा घेतलं. तिनं मान हलवली. तेवढ्यात वडिलांच्या ऑर्गनपाशी बसलेली झिपरी उठली, बाकांच्या मधून चालत आली आणि मुंगीला कोपरानं ढकलून तिच्या शेजारी बसली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

मी माझ्या बाकावर परत आले होते. माझ्यापुढे दोन बाक सोडून मुंगीची पाठ, तिच्या डाव्या बाजूला झिपरीच्या केसांचं ते पाखराचं घरटं, उजव्या बाजूला भावजी. उपदेश सुरू झाला. त्यातलं मी एक अक्षर ऐकलं नाही.

भावजी चार वेळा खोकले. तीन वेळा तिचे हात जुळले. चौथ्या वेळी झिपरी तिच्या कानात काहीतरी सांगत होती.

मी मोजत होते. दुसरं मला येतं काय?